वाचलेले अंगी लागावे म्हणून

मूल जेवून उठले म्हणजे त्याने किती पोळ्या खाल्ल्या एवढे मोजून आई स्वस्थ बसत नाही. खाल्लेले अंगी लागते की नाही, मूल खेळते-बागडते की नाही, याकडे तिचे लक्ष असते. वाचनाच्या बाबतीत मात्र आपण सारेच, आईवडील काय आणि शिक्षक काय, पोळ्या मोजण्यापाशीच थांबतो. ‘किती पाने झाली?’ आणि ‘प्रश्नोत्तरे पाठ झाली का?’ हे दोन प्रश्न विचारले की आपले कर्तव्य पार पडले, असे आपणांस वाटते.

गोष्टीच्या पुस्तकाचे त्यातल्या त्यात बरे आहे. गोष्ट वाचताना मूल हसते, हळहळते, दुष्टावर चिडते. ‘मग पुढे काय झाले?’ असे आपण न विचारताही ते सांगू लागते. परंतु ज्या पुस्तकात गोष्ट नाही, माहिती आहे, म्हणजे पाऊस कसा पडतो, डोळा कसा पाहतो, आपल्या गावची नदी कोठून येते, ते पुस्तक मिटल्यावर मूल बहुधा गप्प असते. या गप्प बसण्यालाच आपण ‘समजले’ असे मानतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माहिती वाचून मुलाच्या मनात काही उमटावे आणि ते त्याने बोलून, लिहून, चितारून किंवा करून दाखवावे, यासाठी वर्गात आणि घरी काय करता येईल, याविषयी आज आपल्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्ण गुणांचे उत्तर

आरंभी माझीच एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गास विज्ञान शिकवीत असे. डोळ्याचा धडा झाला आणि त्यावर मी एक लहानशी चाचणी घेतली. मोतीबिंदू म्हणजे काय, असा एक प्रश्न होता. एका मुलीने फार नेटके उत्तर लिहिले होते: डोळ्यातील भिंग पारदर्शक असते, वयोमानाने ते धूसर होते, त्यामुळे दिसेनासे होते, आणि शस्त्रक्रियेने हा दोष दूर करता येतो. भाषा शुद्ध, अक्षर वळणदार. मी पूर्ण गुण दिले आणि वही वर्गात सर्वांना दाखविली.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत ती मुलगी रेंगाळलेली दिसली, म्हणून मी सहज घरची चौकशी केली. ती म्हणाली, “आजीला आता ताटातले वाढलेलेही दिसत नाही, बाई. वय झाले ना तिचे! डोळ्यात सारखे पांढरे पांढरे दिसते.”

“अगं, मग ते काय असेल?” मी विचारले. ती नुसती माझ्या तोंडाकडे पाहात राहिली. “परवा तू वहीत जे लिहिलेस, तेच ते नव्हे का?”

ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, “पण बाई, ते तर पुस्तकातले होते!”

वाचकहो, ते वाक्य मी अद्याप विसरले नाही. मुलगी हुशार होती. घरी आजीचा हात धरून तिला अंगणात नेणारी तीच होती. तरीही पुस्तकातला डोळा आणि आजीचा डोळा या तिच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. त्या दोहोंमधील भिंत पाडण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नव्हते. उलट पूर्ण गुण देऊन ती भिंत अधिक पक्की केली होती.

तंजावूरच्या राजवाड्यात

त्या वाक्याची आठवण पुन्हा तीव्रतेने झाली ती तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात. कावेरीच्या सुपीक प्रदेशातील हे नगर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि १८५५ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, परंतु राजवाड्याच्या आवारात एक दौलत मागे राहिली. ती म्हणजे सरस्वती महाल हे ग्रंथालय. नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह भोसले राजांनी जोपासला व वाढविला. संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची असंख्य बाडे तेथे आहेत. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सर्वांस खुले झाले. त्याच्या शेजारच्या दालनात लहानसे संग्रहालय असून शाळेच्या सहलीतील मुलांची रांग तेथून सरकत असते. मुले फलक वाचतात, काही वहीत उतरवून घेतात आणि पुढे जातात. फार थोडी मुले थांबतात. त्या थांबणाऱ्या मुलांसाठीच हा ग्रंथसंग्रह जमविला गेला असावा, असे तेथे उभे राहिल्यावर वाटते. कारण ज्याने तो सर्वांत अधिक वाढविला, तो राजाच मोठा थांबून वाचणारा होता.

दुसरे सरफोजी राजे १७७७ साली जन्मले आणि १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावूरचा किल्ला व थोडे उत्पन्न उरले. सरफोजी राजांनी या परिस्थितीत ग्रंथ जमविले, शाळा काढल्या आणि देवनागरी छापखाना उभारला. इसापनीतीचे मराठी रूपांतर असलेले ‘बालबोधमुक्तावली’ हे पुस्तक याच छापखान्यातून १८०६ मध्ये बाहेर पडले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते.

राजांच्या संग्रहात युरोपीय भाषांतील हजारो पुस्तके होती. वैद्यक, रसायन, वनस्पती, प्राणी, भूगोल असे त्यांचे नाना विषय. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावुरास आले. लाव्हाझ्ये, लिनीयस, बुफाँ यांच्या ग्रंथांतील विषयांवर राजा सहजपणे बोलतो, हे पाहून त्यांना मोठे नवल वाटले व त्यांनी ते लिहून ठेविले. परंतु मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सरस्वती महालाच्या संग्रहात नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. रुग्ण कोण, त्याची तक्रार काय, उपचार कोणता केला, हे त्यांत लिहिलेले असून बरोबर रुग्णाच्या डोळ्यांची चित्रे आहेत. राजांना नेत्रचिकित्सेत रस होता आणि मॅकबीन नावाचा इंग्रज वैद्य या कामी त्यांच्या साह्यास होता.

या नोंदी म्हणजे काय आहे? पुस्तकातला डोळा आणि समोर बसलेल्या माणसाचा डोळा यांची पडताळणी. ग्रंथात वर्णन वाचावयाचे, मग प्रत्यक्ष डोळा पाहावयाचा, जे दिसले ते लिहावयाचे, त्याचे चित्र काढवून घ्यावयाचे. यालाच मी वाचलेल्याला दिलेले उत्तर म्हणते. माझ्या वर्गातील मुलीने वाचले होते, परंतु उत्तर दिले नव्हते. तिने पुस्तकाचे शब्द पुस्तकालाच परत केले होते.

राजांच्या वाचनाला उत्तर देण्याची आणखी एक तऱ्हा पाहा. कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील एक लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजी येते, नायिकेचा हात पाहते आणि गाणी गाते. सरफोजी राजांच्या नावे असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात ही कुरवंजी काय सांगते? ती जगाचा भूगोल सांगते! पाश्चात्त्य पुस्तकांतील देश, खंड आणि सागर तिच्या पदांतून तंजावूरच्या रंगभूमीवर येतात. १९५० मध्ये हे नाटक मद्रास सरकारच्या ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाले. वाचलेली माहिती आपल्या मातीतल्या रूपात ओतणे ही समजुतीची फार मोठी कसोटी आहे. जे नीट कळले नाही, ते गाण्यात कसे बसणार?

कोणी म्हणेल, “तो राजा होता, त्याच्याजवळ ग्रंथ होते, वैद्य होते. आमच्या वर्गात साठ मुले आणि एक फळा!” आक्षेप रास्त आहे. परंतु राजांच्या नोंदींत जे खरे मोलाचे, ते म्हणजे पाहणे, ताडून पाहणे, लिहिणे व चितारणे. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि त्याहून अधिक आपली इच्छा.

वाचण्यापूर्वी

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषीने वाचनाविषयी मोठा विचार केला आहे. मूल विषारी औषध प्यायले आहे आणि आई बाटलीवरची चिठ्ठी वाचते आहे, असे एक उदाहरण त्या देतात. त्या आईला शब्दांच्या नादाशी कर्तव्य नाही. उतारा कोणता, एवढेच तिला त्या चिठ्ठीतून उचलावयाचे आहे. अशा वाचनाचा हेतू वाचणाऱ्याजवळ अगोदरच असतो. आपल्या मुलांची अडचण हीच की, माहितीचे पुस्तक त्यांच्या हाती येते तेव्हा त्यातून काय उचलावयाचे हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून ती सगळेच उचलू पाहतात आणि हाती काहीच राहात नाही.

यास्तव पुस्तक उघडण्यापूर्वीच मुलाच्या मनात एखादा प्रश्न जागा व्हावयास हवा. त्यासाठी १९८६ मध्ये डोना ओगल यांनी सुचविलेली एक पद्धत आज जगभर वापरली जाते. फळ्यावर किंवा वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात ‘मला काय ठाऊक आहे’, दुसऱ्यात ‘मला काय जाणून घ्यावयाचे आहे’ आणि तिसऱ्यात, वाचून झाल्यावर, ‘मला काय कळले’. पद्धत अगदी साधी आहे, परंतु पहिला रकाना मनापासून भरू द्यावा. मुले त्यात चुकीचेही लिहितील. ते लगेच पुसू नये. स्वतःचीच समजूत वाचनानंतर स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यात जो आनंद आहे, तो शिक्षकाने खोडरबर चालविल्याने नाहीसा होतो.

प्रश्न जागा करण्यास हाताशी एखादी वस्तू असेल तर फारच उत्तम. तंजावूरची डोलणारी बाहुली आपण पाहिली असेल. तिचा तळ गोलसर व जड असतो. कितीही आडवी करा, ती पुन्हा उठून उभी राहते. गुरुत्वमध्याचा धडा वाचावयाचा असेल तर आधी ही बाहुली, किंवा तळाशी ओली माती बसविलेले अंड्याचे रिकामे कवच, वर्गात फिरवावे. प्रत्येकाने एकदा ती पाडून पाहावी. ‘ही का पडत नाही?’ हा प्रश्न मुलांच्या ओठांवर आला, की मग पुस्तक उघडावे. आता ‘गुरुत्वमध्य’ हा जड शब्द त्यांना ओझे वाटणार नाही. त्यांना हवे असलेले उत्तर त्यात आहे.

वाचताना

वाचताना मुलाच्या हाती पेन्सिल असू द्यावी. पुस्तक शाळेचे असेल आणि त्यावर लिहिणे योग्य नसेल, तर कागदाच्या लहान चिठ्ठ्या द्याव्यात. तीन खुणा पुरेत. जे आधीपासून ठाऊक होते तेथे बरोबरची खूण, जे नवे व नवलाचे वाटले तेथे उद्गारचिन्ह, आणि जे कळले नाही किंवा पटले नाही तेथे प्रश्नचिन्ह. धडा संपल्यावर शिक्षकाने उद्गारचिन्हांपासून आरंभ करावा. ‘तुला येथे नवल का वाटले?’ असे विचारले की एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. कारण नवलाचे उत्तर चुकत नसते.

प्रश्नचिन्हांचे मोल मात्र त्याहूनही अधिक आहे. ‘न कळणे’ आणि ‘न पटणे’ या दोन्ही गोष्टी वर्गात बोलण्याजोग्या आहेत, हे मुलांस कळले पाहिजे. तंजावूरचेच एक उदाहरण देते. राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर राजराज चोळाने उभारलेले आणि १०१० मध्ये पूर्ण झालेले बृहदीश्वराचे भव्य मंदिर आहे. या मंदिराच्या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही, असे कित्येक पुस्तकांत लिहिलेले आढळते आणि वाटाडेही मोठ्या अभिमानाने तसे सांगतात. ज्या मुलाने हे वाक्य वाचून ‘असे कसे होईल?’ म्हणून प्रश्नचिन्ह केले, त्याला गप्प बसवावे काय? मुळीच नाही. त्याला सकाळी किंवा संध्याकाळी मंदिराच्या प्रांगणात न्यावे. ऊन आहे, शिखर आहे, तेव्हा सावलीही आहेच, आणि ती जमिनीवर चांगली लांब पडलेली त्याला दिसेल. मंदिराची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्या मुलाला मात्र दोन गोष्टी जन्मभर पुरतील. छापलेले सर्वच खरे नसते, ही एक. आणि खरे काय हे पाहण्यास आपले डोळे आहेत, ही दुसरी.

याच मंदिराच्या उंचीचे पाहा. एका पुस्तकात २१६ फूट, म्हणजे जवळजवळ ६६ मीटर, असा आकडा आढळतो, तर दुसरीकडे ६० मीटरांच्या आसपास. दोन पुस्तके मुलांसमोर ठेवून विचारावे, “आकडे निराळे का बरे असतील?” मुले स्वतःच सुचवू लागतात. कोणी जमिनीपासून मोजले असेल, कोणी चौथऱ्यापासून. कोणी कळस धरला असेल, कोणी नसेल. कोणी नुसते दुसऱ्याचे उतरवून घेतले असेल. ‘हे कोणी मोजले? कशाने मोजले?’ हे दोन प्रश्न ज्या मुलाच्या तोंडी बसले, त्याला माहितीचे पुस्तक कसे वाचावे हे शिकविण्याचे फारसे उरले नाही. आज माहिती पुस्तकांतून येते त्याहून कितीतरी अधिक ती हातातील यंत्राच्या लहानशा पडद्यावरून येते. तेथे तर या दोन प्रश्नांवाचून मुलाला दुसरे संरक्षणच नाही.

वाचल्यानंतर

वाचून झाल्यावर ‘सारांश लिहा’ ही आपली नेहमीची आज्ञा असते. सारांश लिहिता येणे आवश्यक आहे, त्याला माझा विरोध नाही. पण तो प्रतिसादाचा एकच प्रकार झाला. इतर काही प्रकार येथे सुचविते. सर्वच एकदम करावेत असे नाही. एका धड्याला एक पुरे.

एखाद्या धड्यावर चित्र किंवा आकृती काढावयास सांगावे. पण पुस्तकातली आकृती उतरवून न घेता, पुस्तक मिटून. कोठे अडले ते मुलालाच कळते आणि ते पुन्हा पुस्तक उघडून पाहते. हे दुसऱ्यांदा पाहणे पहिल्या दहा वाचनांहून मोलाचे असते.

एखाद्या धड्याचे नाट्य करावे. पाण्याचा थेंब, रोपटे, रक्ताचा कण यांपैकी कोणी होऊन बोलावे. लोकगीताच्या चालीवर चार ओळी रचाव्यात. भारूड, कीर्तन, ओवी हे सारे आपल्या घरचेच आहे. कुरवंजीच्या तोंडून भूगोल वदविला जातो, तर वासुदेवाच्या तोंडून पाणी जपण्याची माहिती का ऐकू येऊ नये?

एखाद्या धड्यावर मुलाने कोणाला तरी पत्र लिहावे. धाकट्या भावाला, शेजारच्या काकूंना, गावच्या सरपंचांना. वाचणारा समोर आला की मुलाला शब्द निवडावे लागतात. आणि निवड करावयाची म्हणजे समजून घ्यावेच लागते.

आणि प्रत्येक धड्यानंतर एक प्रश्न न चुकता विचारावा: “हे तू कोठे पाहिले आहेस? कोणाच्या घरी, कोणत्या शेतात, कोणाच्या अंगावर?” मी सातवीच्या वर्गात हा एकच प्रश्न विचारला असता, तर त्या आजीचे दुखणे चाचणीच्या आधीच कळले असते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. प्रतिसाद म्हणजे मनास येईल ते बोलणे नव्हे. मुलाने काहीही म्हटले आणि आपण ‘शाबास’ म्हटले, तर आपण त्याची फसवणूक करीत आहोत. प्रत्येक वेळी प्रेमाने विचारावे, “हे तुला कोठून कळले? त्या वाक्यावर बोट ठेव पाहू.” वाक्य सापडले तर चांगलेच. न सापडले, तर ते मुलाचे स्वतःचे अनुमान आहे. तेही चांगले, पण ते अनुमान आहे हे त्याला समजले पाहिजे. पुस्तक काय म्हणते आणि मी काय म्हणतो, यांतील भेद ओळखता येणे ही या सर्व खटाटोपाची अर्धी फलश्रुती आहे.

कोणत्या भाषेत?

तंजावुरात मनात आलेली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राजवाड्याभोवतीच्या रस्त्यांवर आजही मराठी घरे आहेत. तीनशे वर्षांहून अधिक काळ त्यांनी घरात मराठी जपली. तिची धाटणी वेगळी, तमिळच्या सहवासाने तिचे सूरही वेगळे, पण ती मराठीच. या घरांतील मुले शाळेत तमिळमधून किंवा इंग्रजीतून शिकतात. डोळा, पाऊस, कावेरी यांविषयी ती जे वाचतात ते एका भाषेत; आजीशी बोलतात ते दुसऱ्या. वाचलेले जर परीक्षेच्या भाषेतच राहिले, तर ते आजीपर्यंत कधी पोहोचणार?

आपण महाराष्ट्रात राहतो म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजू नका. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरांतील मुलांना पुस्तकातली प्रमाण मराठी तितकीच दूरची असते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांचे तर विचारावयासच नको. म्हणून पहिला प्रतिसाद मुलाच्या घरच्या बोलीत येऊ द्यावा. त्याला हवे त्या शब्दांत आधी सांगू द्यावे. पुस्तकी शब्द नंतर हलकेच जोडून द्यावा. सरफोजी राजांनी जगाचा भूगोल वाचला तो परक्या भाषांतील पुस्तकांत, पण रंगभूमीवर आणला तो मराठीत. ज्या भाषेत आपण रडतो, भांडतो, विनोद करतो, त्या भाषेत सांगता आले, म्हणजे ते ज्ञान खऱ्या अर्थाने घरी आले.

घरच्या मंडळींना येथे मोठे काम आहे, आणि त्यासाठी फार शिकलेले असण्याची गरज नाही. किंबहुना ज्या आजोबांना धडा वाचता येत नाही, तेच सर्वांत चांगले श्रोते. “मला नाही रे कळले, नीट सांग,” असे ते खरेखुरे म्हणू शकतात. शेतीविषयीचा धडा असेल तर तेच त्या मुलाला दुरुस्तही करतील. मग पुस्तक बरोबर की आजोबा, याचा शोध दोघांनी मिळून घ्यावा.

शिक्षकबंधूंची व भगिनींची अडचण मी जाणते. पाठ्यक्रम पुरा करावयाचा असतो, वह्यांचे ढीग तपासावयाचे असतात. म्हणून मी फार मागत नाही. आठवड्यातून एक तास, एक धडा आणि प्रत्येक मुलाची दोन ओळींची नोंद. नोंदीला गुण देऊ नयेत. गुण दिले की मूल आपल्याला हवे ते लिहू लागते. त्याऐवजी तिच्याखाली एक ओळीचे उत्तर लिहावे. साठ वह्यांवर एकदम लिहिणे शक्य नसेल, तर पाळीपाळीने पंधरा घ्याव्यात. बाईंनी आपल्या प्रश्नाला उत्तर लिहिले आहे, हे पाहून मुलाचा चेहरा कसा खुलतो, ते एकदा अनुभवून पाहावे.

शेवटी

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती चार-पाच प्रश्न घेऊनच. शस्त्रक्रियेला वयाची मर्यादा असते का? दुखते का? दोन्ही डोळे एकदम करतात का? खर्च किती येतो? यांपैकी एकाचेही उत्तर तिच्या पाठ्यपुस्तकात नव्हते आणि खरे सांगावयाचे तर मलाही नीट येत नव्हते. आम्ही दोघींनी मिळून आरोग्य केंद्रात जाऊन विचारले. आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ शकते, ही माहिती तेथे मिळाली. ती घेऊन मुलगी घरी गेली आणि तिने ती वडिलांना आपल्या शब्दांत समजावून सांगितली. ‘वय झाले’ म्हणून जे सोसावयाचे असे घराने ठरविले होते, त्यावर उपाय आहे हे त्या घराला बारा वर्षांच्या पोरीने सांगितले.

काही महिन्यांनी आजी नातीला शाळेत पोहोचवावयास स्वतः आल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही होय त्या बाई! मी तर तुम्हाला फार म्हाताऱ्या समजत होते.” आम्ही तिघीही हसलो.

वाचकहो, आज रात्री आपले मूल पुस्तक मिटून उठेल तेव्हा ‘किती पाने झाली?’ असे विचारू नका. त्याला जवळ बसवून म्हणा, “त्यात काय होते, मला सांग. आणि ते आपल्या घरात कोठे दिसते का, ते आपण दोघे मिळून पाहू.”